आसरांचा डोह

बदली मागून पाणदऱ्याला येणारी सुनंदा ही पहिलीच शिक्षिका असावी. लांज्याहून सुटणारी एसटी फाट्यावर सोडते. तिथून कातळ तुडवत खाली उतरायचं, मग नदी, नदीवर साकव आणि साकवाच्या पलीकडे शाळा. इथे हजर झालेला माणूस दुसऱ्याच दिवशी बदलीच्या खटपटीला लागतो. सुनंदा मात्र इथलीच. नदीच्या खालच्या अंगाला बौद्धवाडी आहे, तिथे तिचं माहेर. नवरा मुंबईला नोकरीत, मुलगा पुण्याला शिकायला आणि वाडीतल्या घरी म्हातारी आई एकटी. गाव म्हणालं, आईसाठी आली. तेही खोटं नव्हतं.

शाळा सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते, तेव्हा वेदिका साकवावरून घसरली. एका बाजूचा कठडा आदल्या वर्षीच्या पुराने नेला होता, तो कुणी पुन्हा बसवला नव्हता. पाचवीतली पोर. शेवाळावरून पाय सटकला, ती खाली गेली आणि दप्तराचा पट्टा वाकलेल्या गजात अडकला म्हणून लोंबकळत राहिली. खाली तांबडं पाणी घोंघावत होतं. मागून येणाऱ्या सुनंदाने साकवावर पालथं पडून तिचा दंड धरला आणि माणसं येईपर्यंत सोडला नाही. वर घेतल्यावर वेदिका रडली नाही. नुसती पाण्याकडे बघत राहिली.

त्याच संध्याकाळी तिची आजी येसूबाई तिला घेऊन आसरांच्या डोहावर गेली. साकवाच्या थोडं वर नदी वळते. तिथे दोन्ही बाजूंना काळा उभा खडक आहे, आणि मधे पाणी खोल होऊन थबकतं. काठावर शेंदूर फासलेले सात दगड. त्या सात आसरा. येसूबाईने ओटी भरली, नारळ ठेवला, हिरव्या बांगड्या पाण्यात सोडल्या.

"न्यायचीच होती तिला," येसूबाई वाडीभर सांगत फिरली, "पण सोडलीन. माझ्या नातीला आसरांनी सोडलीन!"

सुनंदाने ते ऐकलं, आणि त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

आसरा म्हणजे कोण, हे पाणदऱ्यात कुणाला सांगावं लागत नाही. त्या सातजणी, सख्ख्या बहिणी. दिसायला अशा की बघणाऱ्याची नजर हटू नये. केस पाण्यावर पसरलेले, कपाळी मळवट, हात बांगड्यांनी भरलेले. भर दुपारी, सगळीकडे सामसूम झाली की त्या डोहात न्हायला उतरतात. त्या वेळी ज्याची सावली पाण्यावर पडेल, त्याला ओढतात. लहान पोरी त्यांना फार आवडतात. नेलेल्या पोरीला त्या मारत नाहीत म्हणे. वेणीफणी करतात, खेळायला घेतात आणि मग तिला घरची आठवण राहत नाही.

सुनंदाची मोठी बहीण आम्रपाली अशीच गेली होती. बारा वर्षांची होती. वाडीतल्या बायका डोहावर कपडे धुवायला गेल्या होत्या, त्यांच्याबरोबर ती गेली. वाहून चाललेली एक ओढणी धरायला पुढे झाली आणि डोहात सरकली. काठावर सात-आठ बायका होत्या. ओरडल्या, छाती पिटून घेतली, एकीने लुगडं फेकलं. पुरुष शेतावरून धावत येईपर्यंत पाणी पुन्हा गुळगुळीत झालं होतं. प्रेत दुसऱ्या दिवशी खडकाखालच्या कपारीत सापडलं.

सगळं गाव म्हणालं, आसरांनी नेली. एकटे तिचे वडील रामजी म्हणाले, "आसरा-बिसरा कोण नाय. पोरीला पवता येत नव्हतं. काठावरच्या एकाही बाईला पवता येत नव्हतं." हे त्यांनी मयताला जमलेल्या माणसांसमोर म्हटलं. ते कुणालाच रुचलं नाही. आई तर त्यानंतर कित्येक वर्षं त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची. सुनंदा तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला वडिलांचं वाक्य पटलं होतं आणि आईचं न बोलणंही समजलं होतं. दोन्ही गोष्टी तिच्या मनात एकमेकींशेजारी तशाच राहिल्या.

ती स्वतः पोहायला शिकली ती पुष्कळ पुढे, आंजर्ल्याजवळ पहिली नोकरी लागली तेव्हा. तिच्या खोलीची मालकीण खुर्शीदचाची. तिचा नवरा जहाजावर होता आणि खाडी अंगणाला लागून. चाची भरतीच्या पाण्यात अंगभर कपड्यांनिशी उतरायची आणि पलीकडच्या काठाला हात लावून परत यायची.

"चाची, भीती नाही वाटत?" सुनंदाने एकदा विचारलं.

"कुणाची? परींची?" चाची हसली. "माझी दादी सांगायची, दर्यात परी असतात. खडकावर बसून केस सुकवतात. नावाने हाक मारली तर ओ द्यायची नाही. मी दादीला विचारलं, त्या बुडत का नाहीत? ती म्हणाली, अगो, त्यांना पोहता येतं! मग म्हटलं, मला पण शिकायचं."

त्या पावसाळ्यानंतर चाचीने सुनंदाला खाडीत उतरवलं. पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधून, हनुवटीखाली हात धरून, शिव्या देत देत शिकवलं. सुनंदा पंचवीस वर्षांची होती. पहिल्यांदा पाण्याने तिला उचलून धरलं तेव्हा तिला रडू आलं. खाऱ्या पाण्यात ते कुणाला कळलं नाही.

वेदिकाचा दंड धरून ती साकवावर पालथी पडली होती, तेव्हाच तिने ठरवलं होतं. साकवाचा कठडा व्हायचा तेव्हा होईल. पोरी रोज जातात-येतात. त्यांना पोहता आलंच पाहिजे.

पाऊस सरला, भात कापून झालं, नदी निवळली. सुनंदाने पालकांना शाळेच्या पडवीत बोलावलं आणि सांगितलं, दर रविवारी आसरांच्या डोहाच्या उथळ बाजूला मी पोरींना पोहायला शिकवणार. मुख्याध्यापक म्हणाले, रविवारी काय करायचं ते करा, शाळेचं नाव मधे आणू नका. ते ठीकच होतं. पण पालक एकमेकांकडे बघू लागले.

गावचा मानकरी, गावकार धोंडू उठला. साठीचा माणूस, उंच, आवाज कधी न चढवणारा. "बाई, पोरींना शिकवा, नाय कोण म्हणतो? पण तोच डोह कशाला?"

"दुसरीकडे कमरेएवढंही पाणी नाही, काका. आणि उरलंय तिथे धार आहे."

"वेळ कुठली?"

"दुपारी बारा."

आता मात्र कुजबूज झाली. सुनंदाने ती संपू दिली. "थंडीचे दिवस आहेत. खडक इतका उभा आहे की डोहावर ऊन येतं ते फक्त दुपारी. सकाळी उतरवलं तर पोरी गारठतील."

"बारा वाजता त्या उतरतात," मागून एक बाई म्हणाली.

"उद्या एखादीचं काय बरंवाईट झालं तर जबाबदार कोण?" धोंडूने विचारलं. प्रश्न वाकडा नव्हता. तो खरंच घाबरला होता.

"मी," सुनंदा म्हणाली. "आणि साकवावरून पडली तर कोण, ते तुम्ही सांगा."

धोंडू खाली बसला. आणखी एक गोष्ट कुणीच बोललं नाही, पण पडवीत ती सगळ्यांना ठाऊक होती. सुनंदाच्या आजीला त्या डोहात घागर बुडवायची मुभा नव्हती. बौद्धवाडीने पाणी खाली, साकवाच्या पलीकडून भरायचं. ते दिवस आईच्या वेळेपासूनच गेले होते, वाडीतल्या बायका काठावर धुणंही धूत. तरी त्या वाडीची मुलगी वरच्या डोहात उतरणार, तेही बारा वाजता, हे काहींच्या घशाखाली उतरत नव्हतं. सुनंदाला ते त्यांच्या वळलेल्या मानांवरून कळत होतं. ती तिथून हलली नाही.

घरी आईने, कमळाने, सरळच सांगितलं. "तिथे माझी पोर हाय. तिच्या डोक्यावर नाचू नका."

भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. खाली रामजींचा. आई त्या तिघांसमोर हे बोलत होती आणि तिला त्यात काही विसंगत वाटत नव्हतं.

"आई, मी शिकवणार," सुनंदा म्हणाली.

"तू बापासारखीच," म्हणून आई भाकरीकडे वळली.

पहिल्या रविवारी कुणी आलं नाही. सुनंदा सलवार-कमीज घालून पाण्यात उतरली, एकटीच पोहली, बाहेर येऊन अंग पुसलं आणि घरी गेली. दुसऱ्या रविवारीही तसंच. फक्त खडकाच्या वर करवंदीच्या जाळीमागे एक फ्रॉक दिसला. तिसऱ्या रविवारी वेदिका खाली उतरून आली.

"आजीला सांगून आलीस?"

"नाय," वेदिका म्हणाली. "आजी म्हणते त्यांनी मला सोडली. मला नाय कोणी सोडली. माझं दप्तर अडकलं."

सुनंदाने तिला तसंच घरी पाठवलं. "सांगून ये. चोरून शिकवणार नाही." अर्ध्या तासाने पोर परत आली, मागून येसूबाई. म्हातारी सत्तरीच्या पुढची, काटक, ओल्या खडकावरूनही काठीशिवाय चालणारी. डोहाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या तिच्या घराकडे. तिने आधी सात दगडांना हात जोडले, मग सुनंदाकडे वळून म्हणाली, "ऐकत नाय पोर. मी हितंच बसणार. माझ्यासमोर काय ते करा."

पुढच्या रविवारी वेदिकाबरोबर आणखी तिघी आल्या, मग पाच झाल्या. सुनंदा कॅन बांधायची, हनुवटीखाली हात धरायची. शिव्या मात्र तिला चाचीसारख्या जमत नव्हत्या. पोरी किंचाळत, पाणी पीत, खोकत होत्या आणि पुन्हा उतरत होत्या. येसूबाई काठावरून पापणी न लववता बघत बसायची.

आणि मग ते झालं. वेदिका कॅन सोडून पहिल्यांदाच तीन-चार हात मारून उभी राहायला गेली आणि तिने किंकाळी फोडली. सुनंदाने तिला उचलून काठावर आणलं. टाचेखाली लांब चीर पडली होती, रक्त थांबत नव्हतं.

"काय लागलं गं?"

"खालून चावलं," वेदिका कापत म्हणाली. "कोणीतरी चावलं, बाई."

येसूबाईचा चेहरा पांढरा पडला. तिने नातीला कवेत घेतलं आणि सुनंदाकडे बघितलंसुद्धा नाही. सरकारी दवाखान्यात टाके पडले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, आसरांनी दात दाखवला, या वेळी रक्त घेतलं, पुढच्या वेळी जीव घेतील. सोमवारी धोंडू शाळेत आला. आवाज त्याने तेव्हाही चढवला नाही. "बाई, झालं तेवढं पुरे. गावाचं म्हणणं, डोहात आता कुणी उतरायचं नाय. तुमी पण नाय."

"चावलं काय, ते मला बघू द्या," सुनंदा म्हणाली. "मग बोलू."

"बघायचं काय त्यात?"

"काका, पोरीची टाच कापलीय. कशाने कापली, ते मला कळायला हवं."

दुसऱ्या दिवशी शाळेला नाताळची सुट्टी होती. सुनंदा बाराच्या सुमारास एकटी डोहावर गेली. आंजर्ल्याचा जुना पोहण्याचा चष्मा तिने डोळ्यांना लावला, दम घेतला आणि खाली गेली. ऊन सरळ पाण्यात उतरलं होतं. पाणी हिरवट आणि स्वच्छ. उथळ बाजूला खडकाचा एक बांधासारखा उंचवटा होता, आणि त्याच्या अलीकडे, जिथे पोरी उभ्या राहायच्या तिथेच, तळ चमकत होता. ती आणखी खाली गेली. हात लावायच्या आधीच तिला कळलं.

बांगड्या. हिरव्या काचेच्या बांगड्या. शेकडो असतील. पिढ्यान्‌पिढ्या ओटीत वाहिलेल्या, पाण्याने सरकत सरकत त्या बांधाला येऊन अडलेल्या. काही अख्ख्या, पुष्कळशा फुटलेल्या, टोकं वर करून वाळूत रुतलेल्या. त्यांच्यावरून बारके मासे फिरत होते.

ती वर आली, श्वास घेतला, परत गेली. पलीकडच्या खडकाखालची कपारही तिला बघायची होती. तिथे पाण्याची ओढ होती. ती अंगाला जाणवली तशी तिने खडक घट्ट धरला आणि डोकं आत घातलं. आत काही नव्हतं. कपारीच्या तळाशी उन्हाचा एक पट्टा हलत होता. सुनंदा तिथे दम संपेपर्यंत थांबली.

मग तिने कापडी पिशवीत मावतील तेवढ्या बांगड्या भरून काठावर आणल्या आणि उन्हात ओतल्या. त्यांत हिरव्यांखेरीज काही वेगळ्या होत्या. लाल, वर सोनेरी ठिपके असलेल्या. आसरांना लाल कुणी वाहत नाही. सुनंदाने त्या बाजूला काढल्या. काही अगदी लहान होत्या, पोरीच्या हाताच्या. काही त्याहून थोड्या मोठ्या. काही चांगल्या बाईच्या मापाच्या. तिने त्या रुमालात बांधल्या आणि वाडीची वाट धरली.

आई ओसरीवर कुळीथ निवडत होती. सुनंदाने तिच्यासमोर रुमाल सोडला.

कमळाने सूप बाजूला ठेवलं. मग एक लहान बांगडी उचलून पदराने पुसली. "ही पहिल्या वर्षीची. तिला लाल आवडायच्या. हिरव्या म्हातारीच्या, म्हणायची." तिने दुसरी उचलली. "मग वाटलं, हात वाढला असेल. लहान बांगडी चढायची नाय. दर वर्षी माप थोडं मोठं घ्यायची."

"बाबांना माहीत होतं?" सुनंदाने विचारलं.

"एका वर्षी मला ताप होता. बाजाराला जायला झालं नाय. हे लांज्याहून आले नि चुलीपाशी पुडी ठेवून बाहेर गेले. बघते तर ह्याच. बरोब्बर मापाच्या." आईने पदर डोळ्यांना लावला. "बोलले काय नाय. मी पण नाय बोलले. पण त्या दिवसापासून परत नीट बोलायला लागले मी त्यांच्याशी."

अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या. आई म्हणाली, "ती तिथे नाय, ते मला पण ठाऊक हाय गो. मी काय खुळी नाय. पण कुठेतरी असायला हवी ना माणसाला पोर?"

"आई, मी त्या कपारीपर्यंत गेले होते आज."

आईचा हात थांबला. "अंधार हाय तिथे?"

"नाही. दुपारी ऊन येतं. अगदी आतपर्यंत."

कमळाने सगळ्या लाल बांगड्या एकेक करून ओटीत घेतल्या. ती म्हणाली, "मग दुपारचीच शिकव पोरींना. पण त्या कपारीकडे जाऊ देऊ नको."

"तिथे दोर बांधणार आहे. पलीकडे कुणाला सोडणार नाही."

"कुणी नाय म्हटलं तरी शिकव," आई म्हणाली. तिच्या आवाजाला कधी नव्हे ती धार आली होती. "तेव्हा काठावर आठजणी होतो. आठजणी, सुनंदा. त्यांत मी होते."

सुनंदाने इतक्या वर्षांत हे कधी ऐकलं नव्हतं. तिने आईचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बांगड्यांची पिशवी घेऊन येसूबाईच्या घरी गेली. वेदिका पायाला पट्टी बांधून पडवीत बसली होती. धोंडूही तिथेच होता, विचारपूस करायला आलेला. सुनंदाने पिशवी जमिनीवर रिकामी केली. काचा खळखळल्या.

"हे चावलं वेदिकाला," ती म्हणाली.

धोंडू ताडकन उठला. "बाई, हे काय केलंत? त्यांची ओटी काढून आणलीत? त्यांच्या हातातल्या बांगड्या?"

"तळ साफ करायला लागेल, काका. नाहीतर उद्या आणखी कुणाचा तरी पाय कापेल."

"वाहिलेलं परत काढत नाय कोण! असं कधी झालं नाय!"

येसूबाई खाली बसली. तिने एक फुटका तुकडा उचलून बोटावर घासला, तर बोटाला बारीक रक्त आलं. ती त्या रक्ताकडे बघत राहिली. यांतल्या कितीतरी तिने स्वतः वाहिल्या होत्या, तिच्या सासूने, सासूच्या सासूने.

"सगळा तळ असा हाय?" तिने विचारलं.

"उथळ भाग सगळा. जिथे पाय टेकतो तिथे."

"म्हणजे न्हायला उतरायचं तिथेच." येसूबाईने मान हलवली. मग हळूच म्हणाली, "अगो बाय, मग त्यांच्या पण पायात रुतत असेल की."

"कुणाच्या?" धोंडूने विचारलं.

"आसरांच्या! आणखी कोणाच्या? रोज दुपारी उतरतात ना त्या? आमी वर बसून काच टाकतोय त्यांच्या पायाखाली. वर्षानुवर्ष. नि म्हणतोय, रागावल्या कशाला!"

"येसूवैनी, तसं नसतं—"

"तू घातलीस कधी बांगडी? हातात फुटली तर कसं होतं, ठाऊक हाय तुला?" येसूबाई उठून उभी राहिली. "पूजा माझ्या घराकडे हाय, गावकारा. गाऱ्हाणं मी घालणार. तळ साफ व्हायचा म्हणजे व्हायचा. बांगड्या वाहायच्या तर काठावर वाहायच्या, पाण्यात नाय."

ऊन, पाणी, पोहणं, साकव, सगळं सुनंदाने शाळेच्या पडवीत मुद्देसूद सांगितलं होतं आणि कुणी हललं नव्हतं. आता एका वाक्यात गाडं फिरत होतं, आणि ते वाक्य तिच्या विश्वासातलं नव्हतं. तिला थोडा राग आला. पण तिने वेदिकाच्या पट्टीकडे पाहिलं आणि राग गिळला. पोरी पाण्यात उतरायला हव्या होत्या. कुठल्या दारातून उतरतात, याचा हिशेब करत बसायला तिला वेळ नव्हता.

रविवारी येसूबाईने सात दगडांपाशी गाऱ्हाणं घातलं. "बायांनो, लेकरांचं चुकलं-माकलं पोटात घाला. तुमच्या पायाखालचं काढतोय. आमच्या पोरी तुमच्या पाण्यात येतायत, त्यांना धरून ठेवा, ओढू नका." मग बायका लुगडी नि साड्या खोचून, पायांत रबरी चपला घालून गुडघाभर पाण्यात उतरल्या. तांदूळ धुवायच्या रोवळ्यांनी त्या वाळू चाळत होत्या. बांधाजवळच्या खोल भागात सुनंदा बुड्या मारून पिशव्या भरभरून वर देत होती. बौद्धवाडीतूनही चौघी आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि आल्यावर कुणी अडवलंही नाही. एक रोवळी दोन वाड्यांच्या दोघींनी दोन बाजूंनी धरली होती, ते सुनंदाने पाण्यातून वर येताना पाहिलं.

कमळा दुपारी आली. ती पाण्यात उतरली नाही. खडकावर बसून तिने वर येणाऱ्या काचेतून लाल तुकडे वेचले, आणि उरलेल्या हिरव्यांबरोबर सात दगडांमागे खणलेल्या खड्ड्यात स्वतःच्या हाताने टाकले. येसूबाईने तिच्याकडे पाहिलं.

"तुज्या?"

"माझ्या पोरीच्या," कमळा म्हणाली.

"आमाला बोलली नायस कधी."

"तुमी विचारलं नाय."

येसूबाईने माती लोटली, मग कमळाने लोटली.

तळ पुरता साफ व्हायला आणखी दोन रविवार गेले. कपारीपुढे सुंभाचा दोर बांधला, त्याला खुर्शीदचाचीने आंजर्ल्याहून पाठवलेली जाळ्याची जुनी तरंगती बोयरी अडकवली. वेदिकाची टाच भरून आली. माघ सरता सरता चौदा पोरी शिकत होत्या. काही कॅनवर, काही बिनकॅनच्या, आणि दोघी अजून काठाला धरूनच.

एका दुपारी, पाण्यातून बाहेर येऊन खडकावर तापत पडलेल्या पोरींपैकी एकीने विचारलं, "बाई, खरंच आसरा आहेत का हो?"

येसूबाई शेजारीच होती. सगळ्या सुनंदाकडे बघू लागल्या.

"मी तळापर्यंत गेले," सुनंदा म्हणाली. "मला वाळू दिसली, बांगड्या दिसल्या, मासे दिसले. त्या दिसल्या नाहीत. तुला जेव्हा तिथवर जाता येईल, तेव्हा तू बघ आणि मला सांग."

"पोरीला जाऊ दे तर खरी," येसूबाई म्हणाली. "दिसल्या तर त्या दिसतील. नाय दिसल्या तर परत तरी येईल."

होळीच्या आधीच्या रविवारी वेदिका डोह ओलांडायला निघाली, कॅन न बांधता, या काठापासून त्या काठापर्यंत. सुनंदा तिच्या बाजूने दोन हातांचं अंतर ठेवून पोहत होती, पण तिने हात लावला नाही. मधे पोरीचा दम गेला. डोळे विस्फारले, तोंडात पाणी गेलं. सुनंदाने हात पुढे केला आणि तेवढ्यात काठावर बसलेली कमळा उभी राहून ओरडली. आईचा तो आवाज सुनंदाने आयुष्यात ऐकला नव्हता.

"पाय मार! पोरी, पाय मार गो! बघतेस काय, मार पाय!"

वेदिकाने पाय मारले. वाकडेतिकडे, धपाधप, पण मारले. पलीकडच्या खडकाला तिची बोटं लागली तेव्हा काठावरच्या सगळ्या बायका ओरडत होत्या. येसूबाई खाली बसून रडत होती. कमळा उभीच होती, दोन्ही हात पुढे, जणू अजून कुणाला तरी ओढून घ्यायचं होतं.

सगळ्या पांगल्यावर सुनंदा केस पुसत दोर तपासत होती. धोंडूची सून वाटेत घुटमळत उभी होती, कडेवर पोर. "बाई," ती म्हणाली, "बायकांचं पण घेता काय?"

"घेते की."

"मामंजींना विचारलं नाय अजून."

"विचारून ये," सुनंदा म्हणाली. "नाही म्हणाले तर सांग, मी येऊन बोलते. आणि पुढच्या रविवारी साडी नको. पंजाबी ड्रेस घालून ये."